आहारातील वनस्पतिजन्य घटक आणि स्मरणशक्ती: उपयोग कोणाला, कशाचा आणि किती

प्रश्न एका गृहिणीचा आहे. त्यांची मुलगी दहावीत आहे. ती चांगली हुशार असूनही वाचलेले टिकत नाही, दुपारनंतर डोके चालत नाही अशी तिची तक्रार आहे. सासरे 72 वर्षांचे, पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे आहेत आणि गेल्या वर्षभरात नावे, तारखा, ठेवलेल्या वस्तू विसरू लागले आहेत. दोघांसाठी ब्राह्मीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, ब्लूबेरी आणि डार्क चॉकलेट सुरू करावे का, असे त्या विचारतात.

यांतल्या बहुतेक गोष्टींवर माणसांमध्ये चाचण्या झालेल्या आहेत, त्यामुळे उत्तर नुसत्या श्रद्धेवर किंवा नुसत्या शंकेवर सोडण्याची गरज नाही. वनस्पतींमधील काही घटकांचा स्मरण आणि अध्ययन यांवर परिणाम होतो, हे खरे आहे. मात्र तो लहान असतो, बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतो, आणि ज्याच्या रोजच्या ताटात त्या घटकाची उणीव आहे त्याच्यातच तो ठळकपणे मोजता येतो. हा शेवटचा मुद्दा जाहिरातींत कधीच येत नाही. माझ्या दृष्टीने मात्र सगळा सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

वनस्पतीतील रसायन मेंदूपर्यंत पोहोचून स्मृतीत ढवळाढवळ करू शकते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या उकिरड्यावर उगवतो. धोत्र्यातील स्कोपोलामीन हे ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे काम अडवते, आणि धोत्र्याची विषबाधा झालेल्या माणसाला त्या काळातले पुढे काही आठवत नाही. उलट दिशेने, युरोपातील स्नोड्रॉप या कंदवर्गीय फुलझाडापासून मिळालेले गॅलँटामीन त्याच ॲसिटिलकोलीनचे विघटन लांबवते; अमेरिकेत 2001 साली त्याला अल्झायमरवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. पण ही दोन्ही तीव्र, मिलीग्रॅममध्ये मोजून वापरायची रसायने आहेत. भाजी, फळे, चहा आणि मसाले यांतील पॉलिफेनॉल (रंग आणि तुरटपणा देणारी रसायने), कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी रंगद्रव्ये), नायट्रेट यांची ताकद त्या जातीची नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

‘संशोधनाने सिद्ध’ असे छापलेल्या अनेक दाव्यांच्या मुळाशीही स्कोपोलामीनच असते. उंदराला ते टोचून त्याची स्मृती तात्पुरती बिघडवायची, मग एखाद्या वनस्पतीचा अर्क देऊन पाण्याच्या टाकीतला बुडालेला चौथरा तो किती लवकर शोधतो ते मोजायचे, ही प्रयोगशाळांतील ठराविक पद्धत आहे. शेकडो वनस्पती या परीक्षेत उत्तीर्ण होतात. निरोगी विद्यार्थ्याच्या मेंदूत स्कोपोलामीन नसते, त्यामुळे या प्रयोगावरून त्याच्या पाठांतराविषयी फारसे काही ठरवता येत नाही. बाटलीवर ‘संशोधन’ हा शब्द दिसला की ते उंदरांवर झाले की माणसांवर, किती माणसांवर आणि किती काळ, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ चाळण होते.

या घटकांचे कार्य समजावताना पूर्वी सर्रास ‘अँटिऑक्सिडंट’ हा एकच शब्द वापरला जाई. फळातील रस परीक्षानळीत ऑक्सिडीकरण रोखतो, म्हणून तो मेंदूतही तेच करील, असा तो तर्क होता. प्रत्यक्षात हे पॉलिफेनॉल आतड्यातून फार थोड्या प्रमाणात शोषले जातात, यकृत त्यांचे रूप लगेच बदलते आणि काही तासांत ते शरीराबाहेर जातात. रक्तातील त्यांचे प्रमाण शरीराच्या स्वतःच्या ऑक्सिडीकरणरोधक यंत्रणेपुढे नगण्य असते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशा परीक्षानळीतील क्षमतेची यादी 2012 साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते मात्र ते मिरवत होते. आज अधिक भरवशाचे वाटणारे मार्ग वेगळे आहेत. कोको, चहा, द्राक्षे यांतील फ्लॅव्हॅनॉल या प्रकारचे पॉलिफेनॉल रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढवतात, त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि मेंदूच्या काही भागांकडे रक्त अधिक जाते. बीट आणि पालेभाज्यांतील नायट्रेट दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचते: ते लाळेतून पुन्हा तोंडात येते, जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. (जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्यांमध्ये ही वाट बंद पडते.) प्राण्यांमध्ये फ्लॅव्होनॉइड या पॉलिफेनॉलांच्या गटामुळे हिपोकॅम्पस या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. आणि पुष्कळसे पॉलिफेनॉल मोठ्या आतड्यातील जिवाणू फोडतात, मग त्या तुकड्यांचा परिणाम होतो. डाळिंबातील घटकांपासून युरोलिथिन बनवणारे जिवाणू सर्वांच्या पोटात नसतात, म्हणून तेच डाळिंब दोन माणसांत सारखे काम करीत नाही.

आता ब्लूबेरी. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात 1999 साली म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालक यांचा अर्क खाऊ घातला तेव्हा त्यांची वयोमानाने मंदावलेली कामगिरी सुधारली, आणि ब्लूबेरीची कीर्ती तिथून सुरू झाली. पुढे 2010 साली सिनसिनाटीत सुरुवातीच्या विस्मरणाची तक्रार असलेल्या वृद्धांना बारा आठवडे तिचा रस दिला. शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यात सुधारणा दिसली, पण ते वृद्ध अवघे नऊ होते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाने 7 ते 10 वर्षांच्या 21 मुलांना ब्लूबेरीची पूड घातलेले पेय दिले तेव्हा पुढच्या काही तासांत शब्द आठवण्यात थोडा फरक पडला. हे निष्कर्ष फेकून देण्यासारखे नाहीत, पण छोट्या गटांवरचे आहेत. महाराष्ट्रात राहून त्यासाठी परदेशी फळाची महागडी डबी आणण्याचे कारण मला दिसत नाही. ब्लूबेरीला जांभळा रंग देणारे अँथोसायनिन हे जांभूळ, करवंद, कोकम, काळी द्राक्षे आणि वांग्याच्या सालीतही आहेत. हंगामात ही फळे खावीत. जांभळाचे सरबत विकत आणून त्यातली साखर पिऊ नये.

कोकोविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण या विषयातील सर्वांत मोठी आणि काळजीपूर्वक केलेली चाचणी कोकोवर झाली आहे आणि तिच्यातून निघालेला धडा इतर सर्व घटकांना लागू पडतो. 2014 साली न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 37 निरोगी प्रौढांवर तीन महिने प्रयोग केला. दिवसाला 900 मिलीग्रॅम फ्लॅव्हॅनॉल घेणाऱ्यांमध्ये हिपोकॅम्पसच्या डेंटेट गायरस या भागाचे कार्य आणि त्याच्याशी जोडलेली स्मरणाची परीक्षा, दोन्ही सुधारल्या. त्यानंतर अमेरिकेत ‘कॉसमॉस’ नावाची, 21,000 हून अधिक लोकांची चाचणी झाली; तीत एका गटाला दिवसाला 500 मिलीग्रॅम कोको-फ्लॅव्हॅनॉल आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी होती. या कामाला मार्स या चॉकलेट कंपनीचेही अर्थसाहाय्य होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तरीही निष्कर्ष कंपनीला सोयीचे तेवढेच निघाले असे झाले नाही. एका उपशाखेत 2,262 वृद्धांची तीन वर्षे तपासणी केली तेव्हा कोकोचा एकूण बौद्धिक क्षमतेवर काहीही परिणाम दिसला नाही. गंमत अशी की त्याच चाचणीतील साध्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीने मात्र थोडा फायदा दाखवला. 3,562 जणांच्या दुसऱ्या उपशाखेचे निष्कर्ष 2023 साली आले. सर्वांना एकत्र धरले तर तिथेही कोकोचा फरक नव्हता. पण ज्यांच्या आहाराचा दर्जा खालचा होता, ज्यांच्या रोजच्या खाण्यात फ्लॅव्हॅनॉल मुळातच कमी होते, त्यांची हिपोकॅम्पसवर अवलंबून असणारी स्मृती वर्षभरात सुधारली. आधीपासून फळे, चहा वगैरे पुरेसे घेणाऱ्यांना वरून दिलेल्या गोळीने काहीच मिळाले नाही. भांडे भरलेले असेल तर वरून ओतलेले सांडून जाते, इतका हा साधा मामला आहे.

डार्क चॉकलेटने तेच होईल का, हा वेगळा प्रश्न आहे. कोकोचा कडवटपणा घालवण्यासाठी त्यावर क्षारप्रक्रिया करतात, तीत बरेच फ्लॅव्हॅनॉल नष्ट होतात, आणि वेष्टनावरील कोकोच्या टक्केवारीवरून किती उरले ते कळत नाही. चॉकलेट आवडीने खावे, औषध म्हणून नव्हे.

ब्राह्मीच्या बाबतीत आधी वनस्पती कोणती ते निश्चित करावे लागते. आपल्याकडे या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात: एक, पाणथळ जागी वाढणारी, जाड लहान पानांची जलब्राह्मी म्हणजे बॅकोपा, दुसरी, गोल किडनीच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ज्या बॅकोसाइड नावाच्या घटकांवर काम केले ते पहिलीत आहेत, आणि माणसांवरील महत्त्वाच्या चाचण्याही पहिलीच्याच प्रमाणित अर्कावर झाल्या. ऑस्ट्रेलियात 2001 साली 46 निरोगी प्रौढांना दिवसाला 300 मिलीग्रॅम अर्क बारा आठवडे दिला, तेव्हा शिकण्याचा वेग आणि आठवण पक्की होण्याची प्रक्रिया सुधारली. पुढच्या वर्षी 40 ते 65 वयाच्या 76 जणांवर केलेल्या चाचणीत नवीन गोष्टी शिकण्याचा वेग तसाच राहिला, पण शिकलेले विसरण्याचा वेग कमी झाला. या सगळ्या वनस्पतींमध्ये निरोगी माणसांवरील पुराव्याच्या दृष्टीने मी ब्राह्मीला वरचे स्थान देईन. तरी मुलीला ती मी सुचवणार नाही. त्या चाचण्या प्रौढांवरच्या आहेत. परिणाम दिसायला तीन महिने लागतात, म्हणून फेब्रुवारीत सुरू करून मार्चच्या परीक्षेला काही उपयोग नाही. आणि मळमळ, पोटात कळ, जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास अभ्यासाच्या दिवसांत परवडणारे नाहीत. शुद्धतेचा प्रश्नही आहे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी करून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. वाढत्या मेंदूच्या बाबतीत अशी जोखीम कोणत्याही संभाव्य फायद्याहून मोठी ठरते. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली, उत्पादकाचा परवाना क्रमांक पाहून घ्यावे.

शिशाचा विषय निघालाच आहे, तर हळदीकडे वळतो. हळदीतील कुर्क्युमिनवर प्रयोगशाळेत प्रचंड काम झाले असून माणसांत ते फारच कमी शोषले जाते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 साली दाखवले की 2 ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पिपेरिन 20 मिलीग्रॅम दिल्यास रक्तातील उपलब्धता कैक पटींनी वाढते. बाजारातील बहुतेक कॅप्सूलमागे हीच युक्ती आहे. लॉस एंजेलिसमध्ये 40 जणांना अठरा महिने, दिवसाला 180 मिलीग्रॅम, अधिक शोषले जाणारे कुर्क्युमिन दिले तेव्हा स्मृती सुधारलेली आढळली. अल्झायमर झालेल्या रुग्णांवरील आधीच्या चाचणीत मात्र काहीच फरक पडला नव्हता. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन वजनाच्या साधारण 3 टक्के असते, म्हणजे आमटी-भाजीतून माणशी पोहोचते ते काही मोजके मिलीग्रॅम. ते फोडणीच्या तेलात पडते हे चांगलेच, पण त्यावरून ‘भारतीय लोक हळद खातात म्हणून त्यांना अल्झायमर होत नाही’ असे म्हणणे चूक आहे. हे विधान हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागातील कमी प्रमाणावरून पसरले. त्या लोकांमधील आयुर्मान, आनुवंशिक घटक, इतर आजार अशा अनेक गोष्टी वेगळ्या होत्या आणि हळदीला श्रेय देण्याजोगे त्या अभ्यासात काही नव्हते. कॅप्सूलचा धोकाही सांगितला पाहिजे: शोषण वाढवलेल्या हळद-कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना इटली आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

घरातल्या हळदीबाबत माझी मुख्य चिंता मात्र वेगळीच आहे. पिवळेपणा खुलावा म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट चोळण्याची भेसळ दक्षिण आशियात झालेली आहे. बांगलादेशात 2019 साली बाजारातील नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत ते सापडले. कडक कारवाईनंतर 2021 पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. 2024 च्या एका अहवालात पाटण्यासह काही शहरांतील हळदीत शिशाचे प्रमाण फार जास्त आढळले. शिसे हे मुलांच्या अध्ययनक्षमतेचे सिद्ध झालेले विष आहे. स्मरणशक्तीसाठी हळदीची निवड करायची तर ती रंगाच्या झळाळीवर करू नये. पॉलिश न केलेली, जरा मळकट दिसणारी हळकुंडे ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घेऊन दळून आणावीत, किंवा तपासणीची मुद्रा असलेली बंद पाकिटे घ्यावीत.

गिंको या झाडाच्या पानांचा अर्क सासऱ्यांना कोणी सुचवलाच तर नकार द्यावा. 75 वर्षांवरील 3,069 अमेरिकनांना तो सहा वर्षांच्या आसपास दिवसातून दोनदा दिला, स्मृतिभ्रंश टळला नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पालेभाज्यांचा पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. शिकागोत 960 वृद्धांचा सरासरी 4.7 वर्षे पाठपुरावा करून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज साधारण एक वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची बौद्धिक घसरण जवळजवळ न खाणाऱ्यांपेक्षा इतकी संथ होती की तो फरक सुमारे 11 वर्षांच्या वयाएवढा भरला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे; पालेभाजी खाणारी माणसे इतरही पुष्कळ गोष्टी नीट करीत असतात. पुढे शिकागो आणि बोस्टनमध्ये पालेभाज्या, बेरी, सुकामेवा यांवर भर देणारा आहार 604 जणांच्या तीन वर्षांच्या चाचणीत तपासून पाहिला, तेव्हा 2023 साली जाहीर झालेल्या निकालात तुलनेच्या गटापेक्षा विशेष फरक निघाला नाही. दोन्ही गटांनी वजन थोडे कमी केले आणि दोन्ही गट थोडे सुधारले. स्पेनमधील चाचणीत मात्र ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम भरपूर दिलेल्या वृद्धांची स्मृती चांगली राहिली. मी या सगळ्याचा अर्थ असा लावतो की पालेभाजीचे वजन संपूर्ण ताटाचा भाग म्हणून आहे. मेथी, माठ, पालक, शेपू, शेवग्याचा पाला, अळू यांपैकी एक रोज असावी. ती धुऊन मग चिरावी, शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, कारण फोलेट त्यातच जाते, आणि फोडणीत दोन चमचे तेल असू द्यावे, कारण ल्युटीनसारखी कॅरोटिनॉइडे स्निग्धाशिवाय शोषली जात नाहीत.

आता मुलीकडे. तिच्या तक्रारीत मला सर्वांत आधी लोहाची कमतरता दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्तक्षय होण्याआधीही, केवळ शरीरातील लोहाचा साठा कमी झाल्याने अध्ययन मंदावते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 1996 साली अशाच मुलींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्यावर शब्द शिकण्याच्या आणि आठवण्याच्या परीक्षेत त्या पुढे गेल्या. आपल्या जवळचे उदाहरण तर बाजरीचे आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांत 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने अधिक लोह असलेल्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, आणि साधी बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे अवधान व स्मरण अधिक सुधारले. एखाद्या परदेशी फळाच्या पुडीपेक्षा मला हा निष्कर्ष आपल्या मुलांसाठी कितीतरी अधिक कामाचा वाटतो.

आणि इथे वनस्पतिजन्य घटकांची दुसरी बाजू येते. ज्या चहातील पॉलिफेनॉलांचे गुण गायले जातात, तेच जेवणाबरोबर घेतले तर भाकरी-भाजीतील लोहाला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण निम्म्याहून खाली आणतात. शाळेत निघताना चहा-पोळी, दुपारी जेवून लगेच चहा, ही आपल्या घरांतली पद्धत लोह कमी असलेल्या मुलीच्या अगदी विरुद्ध जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा, कारण क जीवनसत्त्व ही अडवणूक बरीचशी सोडवते. अळिवाचे लाडू, कडधान्ये भिजवून मोड आणणे, या आजीच्या पद्धती इथे खऱ्याखुऱ्या उपयोगी आहेत. मोड आल्यावर लोह अडवणारे फायटेट घटते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्यावी आणि साठा कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, कारण रिकामा साठा केवळ आहाराने परीक्षेच्या आत भरत नाही.

रात्री जागण्यासाठी घेतलेल्या कॉफीतील कॅफिन हाही वनस्पतिजन्य घटकच आहे. ते थकव्याचा संदेश देणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवते, त्यामुळे तरतरी येते, पण शरीरातून त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते. संध्याकाळी पाचनंतर मुलीला चहा-कॉफी देऊ नये.

सासऱ्यांच्या बाबतीत मी वनस्पतींचा विचार तूर्त बाजूला ठेवीन. ब-12 जीवनसत्त्व कोणत्याही भाजी, फळ किंवा धान्यातून भरवशाने मिळत नाही. ते दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण आणखी घटते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांना 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-12 कमी आढळले होते. त्याच्या अभावाने येणारे विस्मरण वेळेत उपचार केल्यास बरेचसे सुधारते आणि उशीर झाल्यास राहून जाते. म्हणून त्यांच्या रक्तातील ब-12, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी याच आठवड्यात करावी. ऐकू नीट येते का ते पाहावे, कारण न ऐकलेले नाव आठवणार नाहीच. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवीच्या त्रासाच्या गोळ्या चालू असल्यास त्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण त्यांतील काही गोळ्या धोत्र्यासारख्याच ॲसिटिलकोलीन अडवणाऱ्या असतात. साखर वारंवार फार खाली जात असेल तर तेही विस्मरणाचे कारण असू शकते. हे सगळे झाल्यावर न्यूरोलॉजिस्टकडे जायचे की नाही ते ठरवता येईल.

त्यांना वॉर्फरिन किंवा तशा प्रकारची रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास पालेभाजी एकदम वाढवू नये, कारण तिच्यातील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी आणि आहारातील बदल डॉक्टरांना कळवून पुढची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणी नेहमीपेक्षा लवकर करून घ्यावी.